बस वळेपर्यंत

सव्वीस वर्षं मी कियोनोताईला रोज सकाळी आरशात बघतोय. बसच्या उजव्या आरशात. नऊ चाळीसला तोगेया हॉटेलच्या दारातून पाहुण्यांची बस स्टेशनकडे निघते, मी गियर टाकतो आणि आरशात ती दिसते. निळा कामाचा किमोनो, गळ्यात पांढरा पंचा, पायात रबरी बूट, कमरेत वाकलेली. मग सरळ होते, हात हलवते, पुन्हा वाकते. दगडी जिझोदेवाच्या वळणावर बस वळली की आरशात नुसता बर्फ उरतो. पावणेदोनशे मीटर अंतर असेल. तेवढा वेळ बाई जागची हलत नाही. वादळ असो, अंगात ताप असो. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत पाठ फिरवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियम सगळ्याच हॉटेलांत आहे म्हणा, पण बाकीच्यांकडे बस फाटकाबाहेर पडली की लोक हळूच आत सटकतात, शेगडीपाशी. ही सटकत नाही.

मी शिगेओ नुमाता, तोगेयाचा ड्रायव्हर. मला बोलायला फारसं कोणी लागत नाही आणि उगाच गोड बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. कियोनोताईचं मात्र सांगतो, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही. तिला विचारलं तर म्हणेल, "माझं काय सांगायचं? आज सात खोल्या रिकाम्या होतायत आणि नऊ भरतायत."

सहासष्ट वर्षांची बाई. याच कुरामिझावा गावची. नवरा स्कीच्या उतारावर लिफ्टची देखभाल करायचा, तो पोटाच्या आजारात गेला तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. तेव्हापासून तोगेया हेच घर. बॉयलरच्या मागची एक खोली, सहा चटया मावतील एवढी. पहाटे साडेचारला उठायचं, पाहुण्यांच्या अंघोळीची गरम पाण्याची कुंडं घासायची, मग न्याहारीचे पाट, म्हणजे प्रत्येकाचं खाणं मांडलेली बुटकी मेजं. पाहुणे उतारावर निघाले की डब्यात भाताचे गोळे बांधून द्यायचे. कोणाच्या बुटात पाणी गेलं, कोणाचा चष्मा लिफ्टवरून पडला, कोणाच्या लेकराला मासा नको आणि अंडं हवं, हे सगळं कियोनोताईकडे. संध्याकाळी चाळीस-पन्नास जोड स्कीचे बूट वाळवणीच्या खोलीत उलटे टांगायचे. त्या खोलीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. तिची पोरगी चिसातो त्याच खोलीत बसून अभ्यास करायची, कारण गावात सगळ्यात ऊब तिथेच. मी नवा नवा लागलो तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बुटांच्या रांगेखाली बसून गणितं सोडवायची आणि मला म्हणायची, "शिगेकाका, तुमच्या मोज्याला भोक आहे."

कियोनोताईचा दुसरा कडक नियम म्हणजे विसरलेल्या वस्तूंचा. कचऱ्याच्या डब्यात नसलेली कोणतीही वस्तू पाहुण्याची. मग ती अर्धी संपलेली टूथपेस्ट का असेना. एक वर्ष सांभाळायची. ओसाकाच्या एका गृहस्थांनी फाटके मोजे डब्याशेजारी ठेवले होते. हिने धुतले, वाळवले, रफू केले आणि टपालाने पाठवले. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, सोबत मिठाईचा खोका. पुढच्या वर्षी ते परत आले आणि जाताना तेच मोजे पुन्हा डब्याशेजारी! हिने पुन्हा पाठवले. तिसऱ्या वर्षी बिचाऱ्याने ते मोजे डब्यात घातले, वर केळ्याची सालं टाकली आणि मगच खोली सोडली. मी हसून हसून बेजार झालो. ताई म्हणाली, "दात काय काढतोस? हातात दिलं तर दिलेलं. खोलीत राहिलं ते विसरलेलं. इतकी सोपी गोष्ट आहे."

आता चिसातोचं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा संपवून ती नागोयाला परिचारिकेचं शिकायला निघाली. मार्चमधली तीन दिवसांची सुट्टी होती, हॉटेल खचाखच. गावची बस जिझोच्या वळणावरून पावणेदहाला सुटते. आई तिला म्हणाली, "तू पुढे हो. पाहुण्यांची बस नऊ चाळीसला निघते, ती गेली की धावत आलेच." पोरगी बॅग घेऊन वळणावर जाऊन उभी राहिली. आणि त्याच दिवशी आमच्या एका पाहुण्याची स्कीची पिशवी सापडेना. शोध शोध शोधली. अखेर माझ्याच बसच्या पोटात होती, मीच सकाळी घाईत आडवी टाकली होती. या भानगडीत पाच मिनिटं गेली. मी निघालो तेव्हा समोरच्या काचेतून पोरगी दिसत होती आणि मागच्या आरशात आई, कमरेत वाकलेली. मी वळणावर पोचायच्या आत गावची बस आली आणि पोरगी चढली. चढताना तिने हॉटेलकडे बघितलं. आई वाकून उभी होती. माझ्या बसला.

ती गोष्ट मला अजून खाते. पिशवी मी टाकली होती.

पुढे पोरीचं लग्न ठरलं ते जानेवारीत. जानेवारीत स्कीच्या गावातून कोण बाहेर पडतं? ताईने आहेर पाठवला, तार पाठवली, स्वतः गेली नाही. त्यानंतर नवीन वर्षाचं एक कार्ड इकडून, एक तिकडून. बस्स. ताई कार्ड आरशाच्या कडेला खोचायची आणि त्याविषयी एक अक्षर बोलायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. इथे माणसं इतकी दमलेली असतात की दुसऱ्याचं दुःख उकरायला अंगात जोर उरत नाही.

यंदा जानेवारीत ताई जेवणाचे पाट घेऊन जिन्यावरून घसरली. गुडघे आधीच गेलेले, दिवसाला शंभर वेळा चटईवर टेकवून टेकवून. दोन दिवस झोपून राहिली, तिसऱ्या दिवशी उठली. ही बातमी खोल्या आवरणाऱ्या मासुएने नागोयाला कळवली असणार. मासुए आणि चिसातो एका वर्गातल्या. मी विचारलं तर म्हणाली, "मी कशाला कळवू?" आणि तिचे कान लाल झाले.

फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात मी स्टेशनवर पाहुणे घ्यायला गेलो. पाच जण उतरले. पाचवी बाई, चाळिशीची, राखी कोट, एक पिशवी. हातातल्या कागदावर नाव होतं हामागुची, एक व्यक्ती, दोन रात्री. मी बॅग घ्यायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "शिगेकाका, मोजे तरी नवे घेतलेत का?"

"अगं चिसातो! आईला माहीत आहे?"

"नाही. पाहुणी म्हणून आलेय. तशी तरी भेटेल म्हटलं."

"वेडी आहेस का तू? सरळ मागच्या दाराने ये की!"

"मागच्या दाराने गेले तर म्हणेल, थांब, पाहुणे आहेत." ती बसमध्ये चढली. "माझं सगळं बालपण ते ऐकण्यात गेलं, काका. तिला माझ्याकडे राहायला ये म्हणून विचारायचंय. दोन दिवसांत एकदा तरी माझ्याशी आईसारखं बोलली ना, तर विचारीन. नाही बोलली तर गुपचूप परत जाईन आणि पुन्हा येणार नाही."

कपाळ माझं! मी गियर टाकला.

पुढचं मला मासुएने सांगितलं. सात नंबरच्या खोलीचं दार ताईने सरकवलं, रीतीप्रमाणे उंबऱ्यापाशी गुडघे टेकून डोकं टेकवलं. वर बघितलं. मासुए मागे चहाचं तबक घेऊन उभी होती. ताईने क्षणभर बघितलं आणि पुन्हा डोकं खाली टेकवलं. म्हणाली, "लांबून आलात, दमला असाल. आपला मुक्काम सुखाचा होवो." मग कुंडाच्या वेळा सांगितल्या, वाळवणीची खोली कुठे ते सांगितलं. वाळवणीची खोली! त्या पोरीला! आणि चिसातोनेही मान खाली घालून म्हटलं, "आभारी आहे." दोघी एकाच मुशीतल्या, दुसरं काय.

संध्याकाळी मी वाळवणीच्या खोलीत गेलो. ताई बूट टांगत होती. सात नंबरचे बूट सगळ्यात ऊब असलेल्या कोपऱ्यात, पंख्यापाशी.

"ताई, ती तुझी पोरगी आहे," मी म्हणालो.

"खोली सातच्या पाहुण्या आहेत."

"मला शिकवू नकोस! मी तिला ओळखतो, तू तिला ओळखतेस, भिंतीवरची खुंटी न् खुंटी तिला ओळखते."

"मुलगी म्हणून आली असती तर मागच्या दाराने आली असती," ताई म्हणाली. "पुढच्या दाराने आली, वहीत नवऱ्याचं आडनाव लिहिलं. तिला पाहुणी व्हायचंय. होऊ दे."

"अगं, तिला भीती वाटते तुझी."

ताईने हातातला बूट खाली ठेवला आणि बाकड्यावर बसली. बसताना तोंडातून एक आवाज आला, गुडघ्यांच्या दुखण्याचा. मग म्हणाली, "शिगे, पाहुण्यांशी काय बोलायचं ते मला येतं. झोपेतसुद्धा येतं. तिच्याशी काय बोलायचं ते मला येत नाही. तोंड उघडलं आणि तिने म्हटलं की आता कशाला, तर मी काय करू? कुठे जाऊ?"

मी तिने खाली ठेवलेला बूट उचलला आणि टांगून दिला.

दोन दिवस हेच. जेवणाच्या पाटावर सात नंबरला भाज्यांच्या देठांचं लोणचं दुप्पट, चिसातोला लहानपणी आवडायचं तसं जरा आंबलेलं. माशाचा शेपटीकडचा तुकडा, कारण तिला तोच लागायचा. आणि तोंडाने काय? "आमच्या भागातली खासियत आहे, चाखून पाहावी." चिसातो दिवसभर भाड्याच्या स्कीवर. काउंटरवरच्या पोराने विचारलं, पहिलीच वेळ का, तर म्हणाली हो. त्याने बिचाऱ्याने तिला बूट कसे बांधायचे ते शिकवलं. जी पोरगी सहाव्या वर्षी वरच्या टोकापासून डोळे मिटून खाली यायची! संध्याकाळी बस लावताना मला भेटली तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "काही बोलली?"

"उद्या थंडी वाढेल म्हणाली. नऊ चाळीसला बस आहे म्हणाली."

मी मनातल्या मनात दोघींना अशा शिव्या घातल्या की लिहिता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ भुरभुरत होता. नऊ पाहुणे निघणारे. चिसातो सगळ्यात शेवटी आली, थेट कुंडातून आलेली, केस ओलेच. माझ्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. दारात ताई, नवा मॅनेजर किर्यू आणि आणखी दोघी. सगळे वाकले. मी गियर टाकला. आरशात बघायची मला त्या दिवशी इच्छा नव्हती, पण सवय. ताई वाकली, सरळ झाली, हात हलवला. रोजच्यासारखंच, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

"झालं," चिसातो मागून म्हणाली. हळू, स्वतःशीच.

आणि वळणाच्या पन्नास पावलं अलीकडे धाडकन आवाज होऊन बस डावीकडे कलली. आमच्याकडे रस्त्याकडेला बर्फ ढकलायच्या नाल्या असतात, त्यावर लोखंडी जाळ्या. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्याने बर्फ टाकला आणि जाळी लावायची विसरून आत चहा प्यायला गेला. त्यावर रात्रीचा ताजा बर्फ. पुढचं चाक सरळ आत! मी खाली उतरून बघितलं. फावड्याने निघणारं काम नव्हतं. उतारावर फोन केला, बर्फ सपाट करणारं यंत्र पाठवा, ओढून काढायला हवं. म्हणाले, अर्धा तास. पाहुण्यांची आगगाडी दहा बावन्नची. जेमतेम होतं.

मी आत येऊन पाहुण्यांची माफी मागितली. सगळे समजूतदार. मागच्या सीटवरचे एक टकले आजोबा म्हणाले, "काही हरकत नाही हो. पण त्या बाई अजून उभ्या आहेत."

खरंच उभी होती. बस दिसत होती, म्हणून उभी होती. बाकीचे गोंधळले होते. पाच मिनिटांनी किर्यू फोनच्या निमित्ताने आत गेला. मग एक मुलगी गेली, मग दुसरी. ताई एकटी. आणि आजोबांची पंचाईत ही की ते मागे बघायचे, ताई वाकायची. ती वाकली की यांना वाकणं भाग. यांनी वाकलं की ती पुन्हा वाकणार. चार-पाच वेळा झालं. शेवटी एक बाई म्हणाल्या, "आपण कोणीच मागे बघायचं नाही. आपण बघितलं की त्यांना त्रास." मग नऊ माणसं मान ताठ करून समोरच्या काचेकडे बघत बसली, फोटो काढायला बसवल्यासारखी.

मी हॉटेलला फोन लावला. "किर्यूसाहेब, तिला आत घ्या! बर्फ पडतोय."

"मी दोनदा सांगितलं," किर्यू म्हणाला. "म्हणतात, पाहुणे अजून गेले नाहीत."

"ती येणार नाही आत," चिसातो म्हणाली. तीही समोरच बघत होती. "आपण दिसेनासे होईपर्यंत येणार नाही. मला माहितीये ना. याच वळणावरून बघितलंय मी."

मी म्हणालो, "चिसातो, त्या दिवशी पिशवी मी आडवी टाकली होती. म्हणून उशीर झाला. आईचा दोष नव्हता."

"काका, पिशवी नसती तर दुसरं काहीतरी असतं." ती थकल्यासारखं हसली. "ती अर्धा तास उभी राहील. तासभर राहील. ते सगळं पाहुण्यांना. घरच्या माणसाला पोचवायला ती दोन मिनिटं उशिराने तरी आली असती का, एवढंच मला कळत नाही."

यंत्र वरून घरघरत येताना दिसलं. मी दोर काढायला उतरलो. तेवढ्यात आरशात नाही, डोळ्यांनी बघितलं. मासुए हॉटेलच्या दारातून धावत आली, ताईच्या हातात काहीतरी दिलं. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. मासुए हात हलवून नको नको करत होती. आणि ताई निघाली. बसच्या दिशेने. पळत! त्या गुडघ्यांनी, त्या बर्फात, एक पुडकं छातीशी धरून. सव्वीस वर्षांत निरोपाच्या वेळी मी तिला त्या दारापासून पुढे पाऊल टाकताना बघितलं नव्हतं. माझ्या हातातून दोर सुटला.

ती बसच्या दारापाशी पोचली तेव्हा श्वास पुरत नव्हता. भुवयांवर बर्फ. बसच्या पायरीसमोर उभी राहिली, पुडकं दोन्ही हातांवर धरलं आणि वाकली.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "आपली वस्तू खोलीत राहिली होती. कपाटात सापडली. मोठी चूक झाली आमच्याकडून, निघण्याआधी पाहायला हवं होतं."

चिसातो उठून पायरीवर आली. पुडक्याकडे बघितलं. कागद जरा उघडला होता, आत गडद निळी लोकर दिसत होती. गुडघ्यांवर चढवायच्या लोकरीच्या पट्ट्या, हाताने विणलेल्या. निळा रंग ताईच्या किमोनोचा, म्हणजे किमोनोखालून दिसू नयेत.

"विसरले नव्हते," चिसातो म्हणाली. "ठेवल्या होत्या. तुझ्यासाठी."

ताई वाकलेलीच. "खोलीत राहिलेली वस्तू पाहुण्यांची असते."

"हातात द्यायला जागा कुठे दिलीस तू? दोन दिवस! दार उघडलं की डोकं जमिनीला! तुझ्या डोक्याच्या मागच्या भागाशी बोलू का मी? सगळा हिवाळा बसून विणल्यात, आणि तू त्यासुद्धा परत आणून देतेस!"

यंत्राचं इंजिन घरघरत होतं. मी दोर शोधायच्या निमित्ताने तिथेच. ताई सावकाश सरळ झाली. हातातल्या पट्ट्यांकडे बघत राहिली, अंगठ्याने वीण चाचपली. मग वर बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"केस ओले!" ती म्हणाली.

"काय?"

"केस ओले घेऊन बाहेर पडलीस? उणे सहा आहे बाहेर! चाळीस वर्षांची घोडी झालीस, अक्कल नाही आली अजून. कान फुटायचा ना तुझा दर हिवाळ्यात? रात्र रात्र कोण घेऊन बसायचं? ये इकडे. खाली वाक. वाक म्हणते ना!"

आणि गळ्यातला पंचा ओढून ती पोरीचे केस पुसायला लागली. खसाखसा, वाळवणीच्या खोलीत बूट पुसतात तशी. चिसातो पायरीवर वाकून उभी, नाक लाल, रडते आहे की ओरडते आहे ते कळेना. "हळू गं! दुखतंय! तूच बघ ना स्वतःकडे, अर्धा तास बर्फात उभी! गुडघ्यांचं काय झालंय माहितीये मला! त्या पट्ट्या घाल आधी, आत्ताच्या आत्ता!"

"इथे? पाहुणे आहेत!"

तेव्हा मागून टकल्या आजोबांचा आवाज आला, "आम्ही पलीकडच्या खिडकीतून डोंगर बघतोय हो." आणि खरंच सगळ्यांनी माना फिरवल्या. पलीकडे बर्फाच्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. तीच ते तल्लीन होऊन बघत बसले.

ताई पायरीवर बसली. चिसातो खाली बर्फात गुडघे टेकून बसली आणि आईचे रबरी बूट ओढून काढले. मी तोंड फिरवलं. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. दोघींची कुरबूर चालूच होती. घट्ट आहे, नाही घट्ट, होईल सैल, तू किती टाके घातलेस, बावन्न, बावन्न कशाला चव्वेचाळीस पुरे होते. मग चिसातो म्हणाली, "आई, माझ्याकडे राहायला ये. नागोयाला बर्फ नसतो."

"एप्रिलमध्ये उतार बंद झाला की बघू."

"बघू म्हणजे नाहीच."

"बघू म्हणजे बघू. यायचं झालं तर आधी कळवीन. ऊठ, कोट भिजतोय."

यंत्राने बस ओढली, चाक वर आलं. घड्याळात दहा वीस. मी सगळ्यांना बसा म्हणालो आणि स्टिअरिंगवर बसलो. दार बंद झालं. ताई रस्त्यात उभी, गळ्यात ओला पंचा. मी गियर टाकला आणि आरशात बघितलं. ती सवयीने वाकायला लागली. अर्धवट वाकली आणि तिथेच थांबली. मग सरळ झाली. एक हात गुडघ्यावर ठेवून बसकडे बघितलं. आणि वळली. बस अजून वळणाच्या अलीकडे होती, नऊ पाहुणे आत होते, आणि कियोनो इसोगाई पाठ करून लंगडत हॉटेलकडे चालू लागली, दारात उभ्या असलेल्या मासुएला लांबूनच काहीतरी झापत. त्या आरशात मी तिची पाठ आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"काका," चिसातोने विचारलं, "आई उभी आहे का वाकून?"

"नाही. गेली."

"आपण वळायच्या आधीच?"

"आधीच. बघ की मागे."

तिने मान वळवून बघितलं. आजोबांनीही बघितलं आणि गोंधळले. "अरे! त्या गेल्या वाटतं आत?"

"हो," चिसातो म्हणाली. पंच्याने पुसलेले केस चहूकडे उभे राहिले होते आणि ती रडत होती. "माझी आई आहे ती. आज घरातलं माणूस चाललंय, मग कशाला उभी राहील?"

मी वळण घेतलं आणि दुसरा गियर टाकला. दहा बावन्नची गाडी गाठायची होती.